उघडं इंजिन

उद्यमनगरातल्या आमच्या शेडमध्ये फोन मी उचलते. फोनवरची माणसं वेगवेगळी, प्रश्न मात्र एकच: कधी मिळणार? गाडी सोडताना 'वेळ लागू दे, पण काम चोख करा' म्हणणारा गडी आठवडा उलटायच्या आत रोज फोन करायला लागतो. मी लवकर चिडते हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. नवरा मवाळ, कुणाला नाही म्हणता येत नाही, म्हणून फोन माझ्याकडे.

साध्या गाडीचं इंजिन आठ-दहा दिवसांत बांधून होतं. शर्यतीच्या गाडीला दीड-दोन महिने लागतात, आणि का लागतात हे मी इतक्यांदा सांगितलंय की आता झोपेतही सांगेन. खोलायला एक दिवस पुरतो. पुढं सगळं धुणं, तपासणं, मोजणं आणि वाट बघणं. पिस्टन बाहेरून मागवायचे, ते हातात आले की मोजायचे आणि मग त्यांच्या मापानं सिलिंडर आतून कापायचा. पिस्टन यायच्या आधी सिलिंडर कापणारा माणूस म्हणजे पाय न बघता चप्पल शिवणारा. क्रँक, म्हणजे पिस्टननं फिरणारा दांडा, घासायचा, तोलायचा. सगळं एकदा जोडून बघायचं, परत सोडवायचं, पुसायचं, आणि मग शेवटचं बांधायचं. तीन आठवड्यांत देतो म्हणणाऱ्यानं यातलं काहीतरी गाळलेलं असतं, आणि सहा महिने लावणाऱ्यानं तुमचं इंजिन कोपऱ्यात सारून दुसऱ्याचं काम धरलेलं असतं. हे मी गिऱ्हाइकांना तोंडावर सांगायची.

आणि मग आमच्याच घरचं एक इंजिन गुढीपाडव्याला खोललं, ते गणपती गेले तरी टेबलावर उघडं पडलेलं होतं. कोपऱ्यात नव्हे, शेडच्या ऐन मध्यात. गाडी माझ्या लेकीची होती आणि खोलणारा माझा नवरा.

लेक लहानपणी शेडमध्येच वाढली. आधी छोट्या कार्ट गाड्या पळवायची, मग इंजिनिअर झाली, शिरोलीला नोकरी लागली आणि पगारातून तिनं एक जुनी लहान गाडी घेतली. बापलेकीनं मिळून ती शर्यतीची केली. आत लोखंडी पिंजरा घातला, मागची सीट काढली, इंजिन फुगवून त्याची ताकद वाढवली. आम्ही राहतो शिवाजी पेठेत. तिथं फुटबॉल आणि तालीम सोडून तिसऱ्या गोष्टीवर कुणी जीव टाकत नाही, पण आमच्या गल्लीनं ही पोरगी तालमीचीच आहे असं धरून टाकलं. ती तमिळनाडूत ट्रॅकवर पळायला गेली की इकडं पोरं मोबाइल घेऊन कट्ट्यावर बसायची. लग्नाचं काय, असं विचारणारेही होते. त्यांना मी माझ्या पद्धतीनं उत्तर द्यायची.

घोळ झाला तो त्याच्या आधीच्या दसऱ्याला. इंजिन वेळेत बांधून झालं होतं आणि पहिल्यांदा चालू करायला दसऱ्याचा मुहूर्त धरला होता. आमच्याकडं हे असंच असतं. नवं मशीन असो, ट्रॅक्टर असो, इंजिन असो, नारळ फोडल्याशिवाय आणि आरती ओवाळल्याशिवाय त्याचा पहिला आवाज कुणी ऐकायचा नाही. शेजारी थोरल्या दिरांची फाउंड्री आहे. ते पेढे घेऊन आले, त्यांच्या मागून तालमीची पोरं हलगी घेऊन आली, गल्लीतल्या बायका ताटं घेऊन आल्या. इंजिन एका झटक्यात चालू झालं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग आरती सुरू झाली. देवीची झाली, गणपतीची झाली, जोतिबाची झाली, वर कुणाला आणखी एक आठवली.

आता नव्यानं बांधलेल्या इंजिनाला पहिल्या घटकेला काय चालत नसेल तर ते म्हणजे जागेवर हळू हळू फुरफुरत बसणं. पिस्टनवरच्या नव्या रिंगा सिलिंडरला घासून बसायला भार लागतो, वेग लागतो. नुसतं मंद चालू ठेवलं की सिलिंडर आतून काचेसारखा गुळगुळीत होतो आणि मग रिंगा कधीच नीट धरत नाहीत. तेल वर चढतं, जळतं, कमी होत जातं. हे माझ्या नवऱ्याला माहीत नव्हतं का? त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? तो गर्दीतून पुढं झाला, किल्लीकडं हात नेला. थोरले दीर आरतीचं ताट हातात धरून म्हणाले, आरतीत बंद करतोस व्हय रं? नवऱ्यानं हात मागं घेतला. थोरल्या भावापुढं तो आयुष्यात कधी बोललेला नाही. आमच्या घराण्यात ते संस्कार म्हणून सांगतात.

त्यानंतर गाडीला किंचित निळा, म्हणजे जळक्या तेलाचा, धूर यायला लागला. नवऱ्याला तो पहिल्या दिवशी दिसला. परत खोलायला वेळ नव्हता, शर्यत तोंडावर आली होती. पळवली की बसतील रिंगा, असं तो म्हणाला, आणि लेकीनंही मान डोलावली. ट्रॅकवर एका लांब वळणात कमी झालेलं तेल बाजूला गेलं, बेअरिंग कोरडं पडलं आणि इंजिन जागच्या जागी आवळलं. पुढची चाकं अडकली. गाडी वळलीच नाही, सरळ टायरांच्या भिंतीत गेली. लेकीच्या खांद्याचं हाड मोडलं आणि मनगट गेलं. आम्ही दोघं तिथं पोचेपर्यंत तिच्या मनगटात धातूची पट्टी बसवून झालेली होती. तिथल्या दवाखान्यात नवरा तिच्या पायाशी बसून होता आणि तिच्या तोंडाकडं बघत नव्हता. मला त्या क्षणी त्याची कीवही आली आणि संतापही आला, आणि दोन्ही मी गिळलं.

हाड जुळायला थंडी गेली. पाडव्याला इंजिन खोललं. लेक दिवाळीनंतरच्या शेवटच्या शर्यतीला उतरणार असं ठरलं. त्याआधीच्या शर्यती सोडायच्या, घाई करायची नाही. पण शेवटची सोडायची नाही, कारण तिचं म्हणणं असं की सगळं वर्ष कोरडं गेलं की माणूस परत ट्रॅकवर जात नाही. तिनं अशी दोघं-तिघं बघितली होती. पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी म्हणत ती घरी बसली ती बसलीच. म्हणजे इंजिन दिवाळीपर्यंत झालं तर लेक परत पळणार, नाही झालं तर तिचं ते दार बंद. पाडवा ते दिवाळी. दोन महिन्यांच्या कामाला एवढा वेळ म्हणजे चैनच की, असं मला वाटलं.

सुरुवात रीतसर झाली. वाकडं झालेलं सगळं फेकलं, दुसरा ब्लॉक मिळवला, पिस्टन मागवले. पिस्टन आले, सिलिंडर कापला. मग नवऱ्यानं मोजला आणि म्हणाला, जरासा लंबगोल वाटतोय. परत घासला. मग ब्लॉकच बदलला. क्रँक तोलून आणला, तो पसंत पडला नाही, दुसरीकडून तोलून आणला. आषाढ लागला तेव्हा तो म्हणाला, आखाडात बांधकाम नको. मी हातातलं भांडं खाली ठेवून त्याच्याकडं बघत राहिले. ज्या माणसाला आज एकादशी आहे हे मटण घरी आणल्यावर कळतं, तो आखाड पाळायला लागला! श्रावणात म्हणाला, गिऱ्हाइकांची कामं तुंबली आहेत. गणपतीत म्हणाला, पाच-सहा दिवस जाऊ देत. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो हे कळतं मला. पण हा ताकाचा पेला हातात धरून सहा महिने नुसता फुंकत बसला होता.

त्याची एक रीत होऊन बसली. सकाळी शेड उघडली की आधी इंजिनावरचं प्लास्टिक काढायचं. क्रँकची बेअरिंगं मायक्रोमीटरनं मोजायची, पुसायची, परत मोजायची. माप तेच यायचं. तेच माप येतंय याचं त्याला समाधान व्हायचं नाही, उलट काळजी वाटायची. दोनदा त्यानं अर्धं इंजिन बांधलं आणि दोनदा परत सोडवलं. एकदा कारण दिलं की आत धूळ गेली असेल. कुठून गेली असेल, असं मी विचारलं, तर म्हणाला, कुठून बी जाती.

लेक संध्याकाळी शिरोलीहून सुटली की घरी जायच्या आधी शेडवर यायची. दारातच उभी राहून विचारायची, पप्पा, हेड कधी बसणार? हेड म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, ते बसलं की इंजिन मिटलं. बाप म्हणायचा, बसवूया की. ती तशीच घरी निघून जायची. रात्री तिघंही एका रेषेत बसून टीव्हीकडं बघत जेवायचो. भाकरी मोडल्याचा आवाज सुद्धा ऐकू यायचा, इतकं घर गप्प असायचं. मला वाटायचं, यापेक्षा भांडा. भांडण मला कळतं. हे तोंड शिवून बसणं मला झेपत नाही.

पितृपंधरवडा लागला. आता तर बोलायलाच नको. या दिवसांत कुणी नवं काही करत नाही, भांडंसुद्धा विकत घेत नाही. नवऱ्याला फुकटात पंधरा दिवस मिळाले. आणि पंधरवड्यातल्या सोमवारी, उद्यमनगरला सुट्टी असताना, लेकीनं रजा काढली आणि टेम्पो घेऊन शेडच्या दारात आली.

नवरा आत इंजिनापाशीच होता. मी डबा घेऊन गेले होते. टेम्पो बघून त्याला वाटलं, कुणाचं तरी काम आलंय.

"पप्पा, इंजिन मी पुण्याला पाठवतो," लेक म्हणाली. आमच्याकडं पोरीही येतो-जातोच म्हणतात. "तिकडं तीन आठवड्यांत बांधून देतो म्हणालेत."

"तीन आठवड्यांत ते इंजिन बांधत्यात का वडं तळत्यात?"

"आणि तुम्ही काय करायलाय?"

त्यानं मायक्रोमीटर डबीत ठेवला, झाकण लावलं. म्हणाला, थोडं मोजायचं राहिलंय. ती म्हणाली, काय मोजायचं राहिलंय ते दाखवा. ती एकेक भागावर बोट ठेवत गेली. हे मोजलं? मोजलं. हे? मोजलं. प्रत्येकाला तो मान हलवत होता आणि दर वेळी त्याची मान आणखी खाली जात होती. टेम्पोवाला दारात उभा राहून ऐकत होता. मी त्याला चहाला पाठवलं. तो कोपऱ्यावर गेला आणि मग मात्र माझ्याच्यानं राहवलं नाही.

"अहो, मोजून सगळं झालंय," मी म्हणाले. "पोरगी परत गाडीत बसणार म्हणून तुमच्या पोटात गोळा आलाय. ते सांगा की तिला. इंजिनाला कशाला पुढं करता?"

तो स्टुलावर बसला. मला वाटलं उठून निघून जाईल. चिडला की तो निघून जातो, तेवढंच त्याला येतं. पण बसून राहिला.

"आलाय गोळा," तो म्हणाला. "किल्लीपतुर हात गेलता माझा. दादांच्या एका शब्दापायी मागं घेतला. आणि पोरीचा खांदा गेला."

लेकीनं हे पहिल्यांदा ऐकलं असेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "मला ठाऊक हाय, पप्पा. आरतीत तुमचा हात मागं गेलेला मी बघितलाय. जळलेलं बेअरिंग बघितलं तवाच सगळं कळलं."

म्हणजे इंजिन खोललं त्या पाडव्यापासून तिला माहीत होतं. तिला माहीत आहे हे याला माहीत नव्हतं. याला काय खातंय हे मला माहीत होतं, आणि मी भाकऱ्या थापत होते. तिघंही एकमेकांना जपत होतो म्हणे! मला रडू फुटलं आणि रडू आलं की मला जास्तच राग येतो.

"हे इंजिन याच पंधरवड्यात चालू करायचं," मी म्हणाले.

नवऱ्यानं वर बघितलं. म्हणाला, पितरांचे दिवस आहेत, लोक काय म्हणतील, दादा काय म्हणतील.

"म्हणूनच. या दिवसांत नारळ घेऊन कोण बी येणार न्हाय."

त्याला कळायला जरा वेळ लागला. मग तो हसला. वर्षात पहिल्यांदा मी त्याचे दात बघितले. लेकही हसली, पण तिचं हसू लगेच मावळलं. तेव्हा मला वाटलं, दमली असेल. चहा पिऊन टेम्पोवाला आला, त्याला रिकामा परत पाठवला.

दुसऱ्या दिवसापासून ती दोघं बांधायला बसली. ती सकाळी नोकरीवर जायच्या आधी यायची आणि संध्याकाळी परत यायची. मधल्या वेळात तो एकही नट हलवायचा नाही. दोघांच्या चार डोळ्यांसमोरच सगळं आवळायचं असं त्यानं ठरवलं होतं. ठरावीक जोर झाला की वाजणारा टॉर्कचा पाना घेऊन तो आवळायचा, कटकन आवाज झाला की ती मोठ्यानं 'हां' म्हणायची आणि नटावर खडूनं खूण करायची. मी बघत बसायची. हेड बसवायची वेळ आली. त्यानं हात पुसले, थांबला, मी पाणी दिलं ते घटाघटा प्यायला आणि परत पाना उचलला. मला भीती होती की आता म्हणेल, सोडवूया परत. तो म्हणाला नाही. पण डोळे पाच-सहा वेळा त्या दिशेनं गेले, ते मी बघितलं.

चालू करायचा दिवस सर्वपित्रीच्या आदला होता. शनिवारची दुपार. गाडी शेडमध्ये, तोंड बाहेरच्या दिशेला. इंजिनाच्या झडपा उघडणारी कॅमशाफ्टही नवी होती. तिला आणि रिंगांना पहिली वीस मिनिटं वेगात चालणं भाग होतं, वेग खाली आणायचा नाही आणि मधे बंद करायचं नाही. लेक आत बसून पायानं वेग धरणार, नवरा बॉनेटपाशी उभा राहून तेलाचा दाब बघणार. मला त्यानं पाण्याच्या पाइपाकडं बघायला सांगितलं. गळलं तर ओरड, म्हणाला. ओरडायचं काम मला जमतं.

किल्ली फिरवली. पहिल्यांदा नुसतं फिरलं, धरलं नाही. दुसऱ्यांदाही नाही. नवऱ्याच्या कपाळावर घाम आला. तिसऱ्यांदा धरलं आणि लेकीनं लगेच वेग वर नेला. शेडचे पत्रे थरथरायला लागले. त्या आवाजात बोलणं शक्यच नव्हतं. मी पाइपावरून नजर हटवत नव्हते, नवरा काट्यावरून हटवत नव्हता, आणि ती समोरच्या भिंतीकडं बघत होती.

आवाज फाउंड्रीत गेला असणारच. थोरले दीर दारात येऊन उभे राहिले. हातात काही नव्हतं, डोक्यावर टोपी, तोंड लाल. अमावास्या तोंडावर आणि हे काय चालवलंय, असं ते ओरडून म्हणाले. मला ते ओठांवरून कळलं. मग ते आत आले आणि त्यांनी हातानं खूण केली: बंद कर. लेकीनं बापाकडं बघितलं. तिचा पाय तसाच होता, पण नजर विचारत होती. आता हा हात मागं घेणार, असं मला वाटलं, आणि त्या वेळी त्यानं तसं केलं असतं तर मी त्याला कधीही माफ केलं नसतं.

नवऱ्यानं काट्यावरची नजर काढली नाही. नुसता डावा हात भावापुढं आडवा धरला.

"दादा, तितंच थांबा," तो ओरडला. "पोरीचा जीव हाय त्यात."

थोरले दीर थांबले. मी त्यांच्याकडं बघायचं टाळलं. त्यांचा पडलेला चेहरा बघायची मला हौस नव्हती. ते गेले नाहीत. दाराच्या चौकटीला टेकून, टोपी हातात घेऊन शेवटपर्यंत उभे राहिले. वेळ संपल्यावर नवऱ्यानं बोट आडवं फिरवलं आणि लेकीनं इंजिन बंद केलं. कान सुन्न झाले होते. दीर पुढं आले, गाडीच्या टपावरून हात फिरवला आणि म्हणाले, आदल्या साली तोंड उघडला असतास तर मी ऐकलं नसतं व्हय रं? ऐकलं असतं की नसतं, देव जाणे. ते फाउंड्रीत निघून गेले.

नवं तेल भरून दुसऱ्या दिवशी गाडी रस्त्यावर काढायची होती. गाडीला नंबर आहे, रस्त्यावर चालते. रिंगा पक्क्या बसायला ती एका बेतानं पळवावी लागते: वेग वाढवायचा, सोडायचा, परत वाढवायचा. नवरा म्हणाला, मी बसत न्हाय. बसलो तर मला नसलेले आवाज ऐकू येतील आणि वाटंतच खोलायला लावीन. म्हणून मी बसले. त्या पिंजऱ्यात शिरताना माझी साडी अडकली, मग पट्ट्यांनी मला खुर्चीला असं बांधलं की मान तेवढी हलत होती. रत्नागिरीच्या रस्त्यानं मलकापूरपर्यंत जायचं आणि परत यायचं ठरलं.

पन्हाळ्याच्या पायथ्यापर्यंत मी आरशातून नजर काढली नाही. निळा धूर म्हणजे काय ते आता मला चांगलं माहीत होतं. धूर नव्हता. लेक गिअरात गाडी ओढायची, मग पाय सोडायची, परत ओढायची. भात पोसवलं होतं, उसाचे पट्टे उभे होते, मागून येणाऱ्या एसटीचा चालक आमच्या या नखऱ्यांना वैतागून हॉर्न मारत होता. शेवटी पुढं जाताना तो खिडकीतून म्हणाला, पावणं, काय झोका खेळताय का? मी हसले. लेक हसली नाही. घाट ओलांडला तशी माझी छाती जरा मोकळी झाली. गाडी खरोखर चांगली चालत होती, हे माझ्यासारखीलाही कळत होतं.

मलकापुरात चहाला थांबलो. मी पट्ट्या सोडवायला लागले. ती स्टिअरिंग धरून तशीच बसली होती, इंजिन बंद करूनही. मनगटावरचा टाक्यांचा व्रण पांढरा पडला होता, इतकं तिनं आवळून धरलं होतं.

"आई," ती म्हणाली, "मला भ्या वाटतंय."

मी विचारलं, आवाज आला का कसला? ती म्हणाली, इंजिन झकास आहे. चहावाला दोन ग्लास घेऊन आला, मी ते खिडकीतून घेतले आणि दोन्ही हातांत धरून बसले.

"पप्पा उशीर करत होते तवर बरं होतं," ती म्हणाली. "रोज जाऊन विचारत होतो, ते न्हाय म्हणायचे, आणि मला घरी येऊन झोप लागायची. पुण्याचा टेम्पो आणला त्या दिवशी बी वाटत होतं, पप्पा अडवतील."

सहा महिने मी नवऱ्याला मनातल्या मनात शिव्या घालत होते आणि ही पोरगी त्याच्या प्रत्येक खोट्या कारणाआड लपून दम घेत होती. आईला पोरीचं सगळं कळतं म्हणतात. मला काडीचं कळलं नव्हतं. तिला पोटाशी धरावं असं वाटलं, पण पट्ट्या अर्ध्याच सुटल्या होत्या आणि हातात चहा.

मी विचारलं, जायचं नाही का मग? ती लगेच म्हणाली, जायचंय. भ्या वाटतंय आणि जायचंय. आणि मग माझा हात धरून म्हणाली, "पप्पांना सांगू नको. परत इंजिन खोलतील."

मी कबूल केलं. चहा गार झाला होता, तोच प्यायलो. येताना तिनं गाडी पहिल्यापेक्षा बिनधास्त चालवली. मी आरशात बघायचं विसरून तिच्याकडंच बघत होते.

शेडच्या दारात नवरा उभाच होता. आम्ही गेल्यापासून बसला नसणार. गाडी थांबली तसा तो मागं गेला, वाकला, सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवून बोट उजेडात धरलं. तेलाचा चिकटपणा नव्हता, कोरडी काजळी होती. मग बॉनेट उघडून, खाली वाकून, चारी बाजूंनी बघितलं. पाने मागच्या टेबलावर ओळीनं मांडून ठेवलेले होते. म्हणजे खोलायची तयारी होतीच.

त्यानं मला विचारलं, आवाज? मी म्हणाले, नाही. धूर? नाही. तो सरळ उभा राहिला. लेक अजून आत पट्ट्या सोडवत होती.

"आणि पोरगी?" त्यानं विचारलं.

मी शब्द दिला होता. गप्प राहिले. माझ्या गप्प राहण्याचा अर्थ त्याला कळेल, म्हणून मी साडीच्या निऱ्या नीट करायला लागले. लेक पिंजऱ्यातून बाहेर आली. तिनं ऐकलं होतं. माझ्याकडं एकदा बघितलं आणि बापासमोर जाऊन उभी राहिली.

"भ्या वाटतंय, पप्पा."

नवऱ्याची नजर पान्यांकडं गेली. मला ती जाताना दिसली. लेकीलाही दिसली. मग त्यानं बॉनेटला धरलं आणि खाली घेतलं.

"मला बी वाटतंय," तो म्हणाला. "घाल पिना."

तिनं बॉनेटच्या दोन्ही पिना घातल्या आणि दाबून बघितल्या.